छत्तीसवरचा तारा

माझी मुलगी पहिले तीन महिने रोज संध्याकाळी रडायची. रडायची म्हणजे घड्याळ लावून रडायची. पाच वाजले की पाय पोटाशी घ्यायची आणि सगळी इमारत डोक्यावर. डॉक्टर म्हणाले, पोटात वायू धरतो, आपोआप जाईल. आपोआप जाणाऱ्या गोष्टी जाईपर्यंत आईचं काय होतं, ते डॉक्टर सांगत नाहीत.

अशाच एका संध्याकाळी दार वाजलं. मला वाटलं, आली तक्रार. दार उघडलं तर दारात कुलूपदादा उभे, आणि त्यांच्या खांद्याआडून डोकावणाऱ्या वहिनी.

कुलूपदादा म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबचे गोलकीपर. अकरा वर्षं एकाच क्लबच्या गोलात उभे. गोल एकदा बंद केला की उघडत नाही, म्हणून संघातल्या पोरांनी ठेवलेलं नाव. आमच्याच इमारतीत, दोन मजले वर राहायचे. मी त्याच क्लबच्या ऑफिसात खेळाडूंची करारपत्रं टाइप करते, पण तोवर जिन्यात हसण्यापलीकडे ओळख नव्हती.

"ताई, द्या जरा इकडे," ते म्हणाले, आणि माझ्या होकाराची वाट न बघता त्यांनी पिल्लूला घेतलं. पालथी केली, पोट आपल्या हातावर, डोकं कोपरात, पाय दोन्ही बाजूंना लोंबते. आणि चालायला लागले. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. चौथ्या फेरीला ती गप्प झाली. घरात इतकी शांतता पसरली की मलाच रडू आलं.

"आमच्या ठमीला असंच करायचे," वहिनी म्हणाल्या. "चेंडू धरायला शिकले तेवढं एक घरी उपयोगाला आलं. बाकी दूध उतू जाताना समोर उभे असले तरी झेप घेत नाहीत."

त्यानंतर रोज पाचला दोघांपैकी एकजण यायचंच. आणि माझी रजा संपली तेव्हा वहिनींनीच विषय काढला. ठमी सहा वर्षांची, दुपारपर्यंत शाळेत. "माझे हात रिकामेच असतात," त्या म्हणाल्या. "पाळणाघरात कशाला टाकतेस एवढुशा जिवाला? पैशाचं बोलशील तर दार लावून घेईन." ह्याच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, छापखान्यात तेव्हा आठवड्यातले तीनच दिवस काम उरलं होतं. आमचं घर माझ्या पगारावर चाललं होतं, आणि माझा पगार वहिनींच्या हातांवर.

म्हणून मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं. पुढे जे घडलं त्याचं मूळ एवढंच आहे. द्यायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

कुणाला किती पगार, हे आमच्या क्लबात चार जणांना माहीत असतं. मालक, साहेब म्हणजे मॅनेजर, हिशेबनीस आणि मी. खेळाडूंना फक्त स्वतःचा. एकाच टबात अंग बुडवून बसणारी, एकमेकांच्या पायांना पट्ट्या बांधणारी माणसं, पण पगाराचं कुणी कुणाला विचारत नाही. साहेबांनी ती सवयच लावली आहे. "पगार म्हणजे बनियन," ते म्हणतात, "प्रत्येकाच्या अंगात असतं, काढून दाखवायचं नसतं." सगळ्यांचे आकडे एका पत्रकावर असतात आणि ते पत्रक माझ्या टेबलामागच्या लोखंडी कपाटात. नोकरी धरताना मी लिहून दिलं आहे की इथे वाचलेलं बाहेर बोलणार नाही.

रजेवरून परतले तेव्हा कपाटात नवं पत्रक होतं. माझ्या जागी सात महिने आलेल्या मुलीने केलेलं. वर लिहिलेलं, आकडे लाखांत. कुलूपदादांपुढे अठरा. नव्याने घेतलेल्या बावीस वर्षांच्या स्ट्रायकरपुढे छत्तीस, आणि छत्तीसच्या डोक्यावर एक छोटासा तारा. मी मनात म्हटलं, बरोबरच आहे. स्टार खेळाडू आहे, दिला असेल तारा. तीन-चार नावांपुढे तसे तारे होते, सगळे नवे, तरणेबांड. कुलूपदादांपुढे नव्हता. मला त्या मुलीचा राग आला. अकरा वर्षं गोल राखणाऱ्याला साधा एक तारा नाही!

आता लिहिताना कान गरम होतात. पण मला तसंच वाटलं होतं, अगदी मनापासून.

पुढच्या आठवड्यात दुपारी पिल्लूला आणायला वर गेले, तर वहिनी तिला मांडीवर घेऊन नुसत्याच बसलेल्या. टीव्ही बंद, कपड्यांचा ढीग तसाच.

"बरं नाही का, वहिनी?"

"मला काय धाड भरलीय. ह्यांचा करार संपतोय. साहेब म्हणाले, यंदाही अठराच. क्लबला तंगी आहे, सगळ्यांनाच तेवढं दिलंय म्हणे. हे मान डोलावून आले. तेहतीस वर्षांचा गोलकीपर, आणखी किती वर्षं उड्या मारणार? मी म्हटलं, दोन तरी वाढवून मागा. तर म्हणतात, सगळ्यांना तेवढंच असेल तर कुठल्या तोंडाने मागू?"

"सगळ्यांना तेवढं नाहीये," मी म्हणाले.

वहिनींनी वर बघितलं. त्यांनी विचारलं नाही. हे मला नीट लिहायला हवं, त्यांनी काहीच विचारलं नाही. मीच पुढे बोलले.

"नव्या स्ट्रायकरला छत्तीस आहेत."

"किती?"

"छत्तीस. मी पत्रकात बघितलंय."

त्या थोडा वेळ पिल्लूच्या पायांची बोटं मोजत बसल्या. मग हसल्या. "म्हणजे ह्यांचा नि क्लबचा छत्तीसचाच आकडा म्हणायचा. तीन आणि सहा, पाठीला पाठ लावून." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुझं नाव कुठे येणार नाही."

खाली उतरताना मला हलकं वाटत होतं. मनात आलं, फिटलं थोडं.

कुलूपदादा गुरुवारी सकाळी साहेबांकडे आले. साहेबांची खोली आणि माझं टेबल ह्यांच्यात लाकडाची एक पातळ भिंत आहे. पलीकडे कुणी शिंकलं तर मी रुमाल शोधते.

"वीस द्या, साहेब," कुलूपदादा म्हणाले. "छत्तीस मागत नाही."

पलीकडे खुर्ची करकरली. "छत्तीस? हा आकडा कुठून आला?"

"ऐकला. खोटा आहे का?"

"खरं-खोटं मी बोलणार नाही. दुसऱ्याचा पगार मी तुला सांगत नाही, तुझा दुसऱ्याला सांगत नाही."

"म्हणूनच असं कुणाकडून तरी ऐकावं लागतं."

"मॅडम!" साहेबांनी हाक मारली. "ते पत्रक आणा जरा."

मी कपाट उघडलं. किल्ली दोनदा चुकीची फिरली. पत्रकाची फाइल घेऊन आत गेले. साहेबांनी ती उघडून एक नजर टाकली आणि हसले. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. फाइल मिटून त्यांनी परत माझ्या हातात दिली, पण जा म्हणाले नाहीत. मी उभीच राहिले.

"हे बघ कुलूप," साहेब म्हणाले, "तू घरचा माणूस. वीसवर मी आत्ता सही करतो. फक्त ज्याने हे तुझ्या कानावर घातलं त्याचं नाव सांग. नाही सांगायचं, तर परगावच्या एका क्लबचं अदलाबदलीचं पत्र महिनाभर ह्या ड्रॉवरमध्ये पडलंय. त्यांना अनुभवी गोलकीपर हवाय, त्यांचा तरुण ते आपल्याला देतात. मी आजवर नाही म्हणत आलोय. तुझ्यासाठी."

कुलूपदादा माझ्याकडे बघत नव्हते. अगदी ठरवून बघत नव्हते. त्यांची नजर टेबलावरच्या पेपरवेटवर होती.

"साहेब," ते म्हणाले, "अकरा वर्षं गोलात उभा आहे. कॉर्नरच्या गर्दीत कुणी ढोपर मारलं ते मी रेफ्रीलासुद्धा कधी सांगितलं नाही. आता काय नवी सवय लावून घेऊ?"

"उद्या दुपारपर्यंत विचार कर."

"बरं."

ते गेले. मी फाइल छातीशी धरून उभी होते. दोन्ही हातांनी, घट्ट, ते चेंडू धरतात तशी. मी तिथे होते, तीन पावलांवर, आणि एक वाक्य पुरलं असतं.

फाइल कपाटात ठेवताना पत्रक निसटून खाली पडलं. पालथं पडलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात एकच ओळ होती. मी ती त्यापूर्वी कधी बघितलीच नव्हती, कारण कागद उलटून बघायचं मला सुचलंच नव्हतं. तारा: कराराच्या तिन्ही हंगामांची एकूण रक्कम.

मी जमिनीवरच बसले. छत्तीस, तीन हंगामांचे. म्हणजे वर्षाला बारा. त्या पोराला कुलूपदादांपेक्षा सहा कमी होते. तो तारा त्याचं कौतुक करत नव्हता, माझ्यासारख्या घाईतल्या माणसाला थांबवायला होता. आणि साहेबांना ते एका नजरेत कळलं होतं. एक बोट ठेवून दाखवलं असतं तर कुलूपदादा हसून अठरावर सही करून गेले असते. पण दाखवायचं नसतं ना. बनियन.

संध्याकाळी ह्याला सगळं सांगितलं. हा पिल्लूचे कपडे घड्या करत होता.

"साहेबांनी तुझं नाव घेतलं?"

"नाही."

"कुलूपदादांनी?"

"नाही."

"मग तू कशाला घेतेस?" त्याने एक इवलासा मोजा उलटा-सुलटा करून बघितला. "तुझी नोकरी गेली तर पुढच्या महिन्यात आपण कुठे असू, सांग. त्यांना कुठलाही क्लब घेईल. तुला कोण घेणार?" मग, माझ्याकडे न बघता, "मी वाईट बोलतोय, मला कळतंय."

तो वाईट बोलत नव्हता. मला जे ऐकायचं होतं तेच बोलत होता, म्हणून तर त्याला सांगितलं होतं.

शुक्रवारी सकाळी नेहमीप्रमाणे पिल्लूला वर द्यायला गेले. ठरवून गेले होते, आज सांगायचंच. आकडा चुकला, मी चुकले, दादांना म्हणावं माझं नाव घ्या. वहिनींनी दार उघडलं, हात पुढे केले, पिल्लू झेपावली. "आज नाक वाहतंय गं हिचं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, रात्रीपासून." आणि जिना उतरले. एवढंच बोलून. नाकाबद्दल.

साडेअकराला साहेबांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. एक गोलकीपर, वय तेहतीस, ह्याच्या बदल्यात एक गोलकीपर, वय तेवीस. पुढील हंगाम, सोळा लाख. दोन कमीच. शहर रेल्वेने तेरा तासांवर. माझ्या हातून त्यांचं नाव चुकलं, खोडलं, पुन्हा चुकलं. बाराला कुलूपदादा आले, उभ्या उभ्या सही केली, आणि जाताना माझ्या टेबलाशी थांबले.

"ताई, पालथी धरताना डोकं जरा वर ठेवा तिचं. आता जड झालीय."

पुढच्या शनिवारी त्यांचं सामान निघालं. मी वर गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत फक्त खोकी होती, आणि एका खोक्यावर वाळत घातलेले गोलकीपरचे हातमोजे. कुलूपदादा ठमीला घेऊन तिच्या शाळेत गेले होते, दाखला आणायला. वर्षाच्या मधेच. वहिनी कपबशा कागदात गुंडाळत होत्या.

मी बसलेही नाही. "वहिनी, तो छत्तीसचा आकडा चुकीचा होता."

"तीन वर्षांचा मिळून होता," त्या म्हणाल्या. बशी गुंडाळणं थांबलं नाही. "बारा मिळतात त्या पोराला."

"तुम्हाला कसं..."

"ह्यांनी त्यालाच विचारलं. गुरुवारीच, साहेबांकडून निघाल्यावर. सरळ कपडे बदलायच्या खोलीत गेले आणि म्हणाले, बाबा रे, तुला किती मिळतात? त्याने सांगून टाकलं. त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं म्हणे." वहिनी जराशा हसल्या. "अकरा वर्षं क्लबात घालवली ह्या माणसाने. विचारायला एक मिनिट लागलं."

"मग दादांनी साहेबांना जाऊन का नाही सांगितलं? गैरसमज झाला म्हणून?"

"गेले होते. शुक्रवारी सकाळीच, साहेबांच्या घरी. साहेब म्हणाले, आकड्याचं जाऊ दे, नावाचं बोल."

मी भिंतीला टेकले. पिल्लू एका रिकाम्या खोक्यात बसून कागद फाडत होती आणि प्रत्येक तुकडा मला दाखवत होती.

"ते म्हणाले, तिचं लेकरू आठ महिन्यांचं आहे, आपली ठमी मोठी आहे, कुठेही रुळेल," वहिनी म्हणाल्या. "ते म्हणाले तसं, मी नाही. मी तुझ्यावर चिडलेय, ऐकून घे. आकडा चुकलीस त्याचा राग नाही. भल्यासाठी सांगितलंस, माझं भलं व्हावं म्हणून. पण तू फाइल घेऊन तिथे उभी होतीस, आणि हे बोलत होते, आणि तू उभीच राहिलीस. शुक्रवारी सकाळी माझ्या दारात येऊन नाकाचं बोललीस. मला वाटलं होतं, आता सांगेल. मी दार लगेच लावलं नव्हतं. आठवतंय तुला?"

आठवत होतं. जिना संपेपर्यंत दार लागल्याचा आवाज आला नव्हता.

"आणि तरी तुम्ही आठवडाभर हिला सांभाळलंत."

"हिने काय केलंय?" वहिनींनी पिल्लूच्या तोंडातून कागदाचा बोळा काढला. मग तिला उचललं, पालथी घेतली, जुन्या सवयीने, आणि खिडकीपर्यंत एक फेरी मारून माझ्या हातात दिली. "डोकं वर ठेव," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कपबशांकडे वळल्या.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेले. पिल्लूला ह्याच्याकडे ठेवून आले होते. रात्रभर घोकलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. छत्तीसचा आकडा मी सांगितला होता.

साहेबांनी चष्मा पुसला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या मिनिटापासून. मालक आणि हिशेबनीस तारा वाचायला चुकणार नाहीत, मॅडम. उरलं कोण? म्हणून तर तुम्हाला तिथे थांबवलं होतं." त्यांचा आवाज अगदी साधा होता, चहा सांगावा तसा. "मला बघायचं होतं, कोण बोलतं. तो बोलला नाही, तुम्हीही बोलला नाहीत."

"मग मला काढा."

"कशाला?" त्यांना खरंच नवल वाटलं. "आता तुमच्याइतकं खात्रीचं माणूस मला शोधून सापडेल का? तुम्ही जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही. जा, बुधवारी नवा गोलकीपर सहीला येतोय, त्याचे कागद करा."

मी बाहेर येऊन खुर्चीत बसले. काढलं असतं तर मी रडले असते, आणि थोडी सुटले असते. त्यांनी मला ठेवून घेतलं. पगार महिन्याच्या महिन्याला येणार होता, आणि दर महिन्याला मला कळणार होतं तो कशाचा आहे.

बुधवारी नवा गोलकीपर आला. तेवीस वर्षांचा, हात मात्र कुलूपदादांसारखेच, सुपाएवढे. बरोबर बायको होती, सातवा-आठवा महिना असेल. मी तिला माझी खुर्ची दिली. तो करार वाचायला लागला. ओठ हलवत, एकेक शब्द. साहेबांचं दार उघडं होतं.

"ताई," त्याने हळूच विचारलं, "हे तीस लिहिलंय, त्यावर हा तारा कसला?"

"कागद उलटा करा," मी म्हणाले. "तारा म्हणजे तिन्ही वर्षांचे मिळून. वर्षाला दहा."

"दहा?" त्याने बायकोकडे बघितलं. ती पोटावर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती. मग तो टेबलावर वाकला आणि आणखी खालच्या आवाजात म्हणाला, "इथे बाकीच्यांना साधारण किती असतात हो?"

माझ्या मागे कपाट होतं. किल्ली माझ्या कमरेला.

"ते मी सांगायचं नाही," मी म्हणाले. आवाज खाली घेतला नाही. "माझ्याकडून ऐकूही नका. माझं ऐकून एका भल्या माणसाचं वाटोळं झालंय. सही करायच्या आधी ह्या बोळातून सरळ जा. शेवटचं दार कपडे बदलायच्या खोलीचं. आत सगळे बसलेत. एकेकाला विचारा, तुला किती. सांगतील. विचारायला एक मिनिट लागतं."

त्याने कागद टेबलावर ठेवला. पेन त्यावर आडवं ठेवलं. बायकोला म्हणाला, "आलोच." त्याच्या बुटांचा आवाज बोळातून लांब जात राहिला. मग शेवटचं दार उघडलं, आतली हसण्या-बोलण्याची गलबल क्षणभर ऑफिसात आली, आणि थांबली.

साहेबांच्या खोलीत खुर्ची करकरली.

त्यांनी हाक मारायच्या आधीच मी उठून उभी राहिले.